अ‍ॅबिसिनियाचे युद्ध (१९३५–३६)

फॅसिस्ट इटलीने ३ ऑक्टोबर १९३५ रोजी युद्ध न पुकारताच इथिओपियावर केलेले आक्रमण. सात महिन्यांत इटलीने तो देश गिळला. त्या काळी युरोपात त्याला अ‍ॅबिसिनिया म्हणत. मराठीला तो फार आधीपासून ओळखीचा आहे: हबशी म्हणजे तिथला माणूस, आणि निजामशाहीचा वजीर मलिक अंबर हा तिथलाच. दुसऱ्या महायुद्धाची पूर्वपीठिका सांगताना सहसा हिटलरला चेकोस्लोव्हाकियाचा लचका देणाऱ्या १९३८ च्या म्युनिक कराराचेच नाव पुढे येते. परंतु पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेल्या राष्ट्रसंघाचा धाक त्याच्या तीन वर्षे आधी, या युद्धात संपला होता.

१ मार्च १८९६ रोजी आडवा येथे इथिओपियाच्या सैन्याने इटलीचा पुरता पराभव केला आणि आफ्रिकेची वाटणी होत असताना आपले स्वातंत्र्य राखले. तो पराभव इटलीतील राष्ट्रवाद्यांच्या मनात चाळीस वर्षे खदखदत राहिला. १९२३ साली इथिओपिया राष्ट्रसंघाचा सभासद झाला आणि १९२८ साली खुद्द इटलीचा हुकूमशहा मुसोलिनी याच्या सरकारने त्याच्याशी मैत्रीचा तह केला. ५ डिसेंबर १९३४ रोजी इटलीच्या ताब्यातील सोमालियाच्या सीमेजवळ वलवल येथील विहिरींपाशी दोन्ही बाजूंच्या तुकड्यांत चकमक झाली. मुसोलिनीला हवे ते निमित्त मिळाले.

ब्रिटन आणि फ्रान्सला धास्ती होती ती हिटलरची, आणि त्याच्याविरुद्ध त्यांना इटली आपल्या बाजूला हवी होती. जानेवारी १९३५ मध्ये फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री पिएर लाव्हाल रोमला जाऊन आले. तुमच्या आड आम्ही येणार नाही, असा अर्थ मुसोलिनीने त्या भेटीतून घेतला. एप्रिलमध्ये इटलीतील स्ट्रेसा येथे तिन्ही देशांनी जर्मनीविरुद्ध संयुक्त निवेदन काढले. त्यात शांततेचा उल्लेख ‘युरोपची शांतता’ असा होता. ‘युरोपची’ हा शब्द मुसोलिनीच्या आग्रहाने आला आणि कोणी हरकत घेतली नाही. आफ्रिका त्या एका शब्दाने कराराबाहेर राहिली.

आक्रमण होताच मात्र राष्ट्रसंघ अपूर्व वेगाने हलला. ७ ऑक्टोबरला परिषदेने इटलीला दोषी ठरवले आणि १८ नोव्हेंबरपासून सुमारे पन्नास राष्ट्रांनी आर्थिक निर्बंध लागू केले. इटलीला शस्त्रे विकायची नाहीत, कर्ज द्यायचे नाही, तिचा माल घ्यायचा नाही, असे ठरले. रबर आणि कथिलही बंद झाले. ज्यावर लढाई चालते ते तेल मात्र यादीत नव्हते. कोळसा आणि पोलादही नव्हते. अमेरिका राष्ट्रसंघात नसल्याने तिचे तेल तरीही इटलीला मिळत राहील, असा युक्तिवाद केला गेला. तेल बंद केले तर मुसोलिनी आपल्यावरच उलटेल, ही खरी भीती होती. सुएझ कालवाही खुला राहिला. ब्रिटिश आरमाराच्या डोळ्यांदेखत सैनिक, दारूगोळा आणि विषारी वायूने भरलेली जहाजे जकात भरून त्यातून जात होती. तेल तोडले असते तर आठवड्याभरात माघार घ्यावी लागली असती, असे मुसोलिनीने पुढे हिटलरला सांगितल्याचे त्यांच्या दुभाष्याने नोंदवले आहे.

मलमपट्टीसारख्या या निर्बंधांचा इटलीत उलटाच परिणाम झाला. १८ डिसेंबर १९३५ रोजी राणी एलेनाने आपली लग्नाची अंगठी देशासाठी दिली आणि असंख्य इटालियन स्त्रियांनी तिचे अनुकरण केले. सोन्याच्या बदल्यात त्यांना लोखंडी अंगठ्या मिळाल्या. त्याच सुमारास लाव्हाल आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री सॅम्युअल होर यांनी इथिओपियाचा मोठा भाग इटलीला देऊन टाकण्याची गुप्त योजना आखली होती. पॅरिसच्या वृत्तपत्रांनी ती फोडली. काही महिन्यांपूर्वीच ब्रिटनमध्ये एक कोटीहून अधिक लोकांनी एका जनमत चाचणीत भाग घेऊन राष्ट्रसंघाच्या बाजूने कौल दिला होता. त्यामुळे संतापाची लाट उसळली आणि होर यांना राजीनामा द्यावा लागला.

युद्धभूमीवर डिसेंबरपासून इटलीची विमाने मस्टर्ड वायू टाकू लागली. १९२५ च्या जिनीव्हा करारावर सही करून इटलीने विषारी वायू न वापरण्याचे मान्य केले होते. अनवाणी लढणाऱ्या सैनिकांची, शेतकऱ्यांची आणि गुराढोरांची कातडी भाजून निघाली. ३० डिसेंबरला स्वीडिश रेडक्रॉसच्या तळावर बॉम्ब पडले. ३१ मार्च १९३६ रोजी मायच्यू येथे सम्राट हैले सेलासीचे सैन्य मोडले आणि ५ मे रोजी इटलीचा मार्शल बादोल्यो राजधानी आदिस अबाबात शिरला.

मुसोलिनी आणि राष्ट्रसंघाची जुंपलेली असताना हिटलरने ७ मार्च १९३६ रोजी तहाने सैन्यबंदी असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले. त्याच्यावर कोणीही कारवाई केली नाही. युद्धाच्या सुरुवातीला त्याने इथिओपियाला गुपचूप शस्त्रे पुरवली होती, कारण इटली आफ्रिकेत जितकी अडकेल तितकी ऑस्ट्रियावरची तिची पकड सैल होणार होती. त्याचा हिशेब बरोबर निघाला. १९३६ च्या शरदात रोम-बर्लिन अक्ष ही इटली-जर्मनीची युती उभी राहिली आणि १९३८ मध्ये हिटलर ऑस्ट्रिया गिळत असताना मुसोलिनी गप्प राहिला.

३० जून १९३६ रोजी हैले सेलासी स्वतः राष्ट्रसंघासमोर उभे राहिले. प्रेक्षकांत बसलेल्या इटालियन पत्रकारांनी शिट्ट्या वाजवून त्यांना बोलू न देण्याचा प्रयत्न केला. सम्राट शांतपणे थांबले आणि मग अम्हारिक भाषेत बोलले. आकाशातून पावसासारखा फवारलेला वायू, मेलेली जनावरे, विषारी झालेले पाणी हे सगळे त्यांनी सभागृहाला सांगितले. पंधरवड्यातच निर्बंध उठवण्यात आले. मदतीच्या याचनेला मिळालेले हे उत्तर त्या संस्थेच्या इतिहासातील सर्वांत लाजिरवाणे पान म्हणावे लागेल.

इटलीच्या ताब्यातील पाच वर्षेही रक्तरंजितच होती. फेब्रुवारी १९३७ मध्ये व्हाइसरॉय ग्राझियानीवर बॉम्ब फेकला गेल्यावर आदिस अबाबात तीन दिवस कत्तल चालली आणि हजारो नागरिक मारले गेले. डोंगराळ भागातील प्रतिकार शेवटपर्यंत थांबला नाही. १९४१ मध्ये इरिट्रियातील केरेन येथे इटालियन फौजेची फळी फोडणाऱ्या भारतीय डिव्हिजनांत मराठा पलटणीही होत्या. ५ मे १९४१ रोजी, राजधानी पडल्याला बरोबर पाच वर्षे झाली त्या दिवशी, सम्राट आदिस अबाबात परतले.

वायू वापरल्याची अधिकृत कबुली इटलीच्या संरक्षण मंत्रालयाने १९९६ मध्ये दिली. मुसोलिनीने उत्तर इथिओपियातील अक्सुमहून रोमला नेलेला प्राचीन शिलास्तंभ २००५ मध्ये तीन तुकड्यांत विमानाने परत आला आणि २००८ मध्ये त्याच्या मूळ जागी पुन्हा उभा राहिला.