किन्नर लेकरं पळवतात, ही बोंब आली कुठून

सोयाबीन निघायचे दिवस आले का आमच्या उमरखेडकडच्या आठवडी बाजारात किन्नरांची एक जोडी हमखास दिसते. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, खांद्याला पर्स, पालापालापुढं टाळी देत फिरतात, कोणी दहा रुपये देतो, कोणी मूठभर मिरच्या. मिरचीवालीनं परवा दहाची नोट दिली, वाकून डोक्यावर हात ठेवून घेतला, अन् त्या चार पाल पुढं गेल्या नाही तोच पोराला पदराआड ओढून म्हणते, "तिकडं जाऊ नको रे बावा, उचलून नेतीन अन् आपल्यासारखं करून टाकतीन."

एका मिनिटात आशीर्वाद बी अन् भीती बी. या दोन गोष्टी एकाच वयाच्या नाहीत, हे लोकांच्या लक्षात येत नाही.

आशीर्वादाचा भाग जुना. राम वनवासाला निघाला तेव्हा नदीकाठी थांबून राहिलेल्या किन्नरांची गोष्ट आजीनं सांगितलेली असते, अन् बृहन्नडा तर आपल्या घरचीच म्हणा, कारण चिखलदऱ्याला कीचकाची दरी दाखवतात, वैराट दाखवतात, म्हणजे विराट राजाचं राज्य आमच्या मेळघाटातच होतं असं वऱ्हाडातला माणूस छातीठोक सांगतो. आता त्या गोष्टीत काय आहे बघा, अर्जुन बृहन्नडा होऊन दरबारात येतो अन् राजा आपली पोटची लेक, उत्तरा, नाच शिकायला त्याच्याच हवाली करतो. लेकरू लपवत नाही, सोपवतो.

मागण्याचंही तसंच. "हट्टेकट्टे असून मागत फिरतात" हे वाक्य एसटीत दर फेरीला ऐकू येतं. पण मराठी मुलखात काही हिजड्यांना राज्याकडून सनदा होत्या, अमुक गावांतून अमुक मागायचा हक्क, कागदावर. बलुतेदार जसा खळ्यावर येऊन आपला वाटा घेऊन जायचा, जवळपास तसंच म्हणा. कंपनी सरकारनं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात इनामं तपासायला घेतली, त्यात या सनदाही बंद पडत गेल्या. हक्क गेला, मागणं राहिलं, अन् मग त्याला भीक म्हणायला लागले.

भीतीचा उगम मात्र उत्तरेकडं सापडतो. 1852 साली आताच्या उत्तर प्रदेशातल्या मैनपुरीकडं भूरा नावाच्या हिजड्याचा खून झाला. मेली ती, पण कोर्टात चर्चा सगळी हिजड्यांच्याच चालचलणुकीवर, अन् साहेब लोकांच्या डोक्यात बसलं का ही जमातच संपवली पाहिजे. 1871 चा क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट, म्हणजे गुन्हेगार जमाती कायदा, आपल्याकडं पारध्यांमुळं माहीत आहे, त्याचा दुसरा भाग पूर्ण हिजड्यांवर होता हे फार कमी लोकांना ठाऊक. मुळात तो वायव्य प्रांत (आताच्या उत्तर प्रदेशाचा भाग), अवध अन् पंजाबसाठी केलेला. पोरं पळवणं, खच्ची करणं किंवा कलम 377 चा, म्हणजे 'अनैसर्गिक' संबंधांचा गुन्हा, याचा नुसता संशय असला तरी रजिस्टरमध्ये नाव चढायचं. एकदा चढलं का बाईच्या कपड्यात रस्त्यावर दिसली तर वॉरंटशिवाय अटक, पैसे घेऊन नाचली तरी तेच, सजा दोन वर्षांपर्यंत. घरात सोळाच्या आतला पोरगा सापडला तरी गुन्हा. मृत्युपत्र करता येत नाही, दत्तक घेता येत नाही. गुरू-चेल्याच्या नात्यावर चालणारं घर कसं मोडायचं हे कायदा करणाऱ्याला बरोबर कळलं होतं. म्हणजे मिरचीवाली जे बोलली ते शंभर-दीडशे वर्षांपूर्वी सरकारी कागदावर लिहून झालेलं आहे.

1911 च्या नव्या कायद्यातून हा भाग गळाला. पण पैनगंगा ओलांडली का निजामाचं राज्य, तिथं 1329 फसलीत, म्हणजे 1919 च्या सुमारास, असाच कायदा आला, पुन्हा रजिस्टर, पुन्हा कपड्यावरून अटक. तेलंगणात तो पुस्तकात तसाच पडून होता, थेट 2023 च्या जुलैत तिथल्या हायकोर्टानं रद्द केला. अन् 2018 च्या मे महिन्यात त्याच हैदराबादला, चंद्रायनगुट्ट्यात, व्हॉट्सॲपवर पोरं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा फिरत असताना जमावानं तृतीयपंथीयांवर हल्ला केला, एकीचा जीव गेला. त्याच वर्षीच्या जुलैत धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तशाच अफवेत मारले. किन्नर असो का भटक्या, बोट दाखवायची सवय जुनी.

बाकीचे गैरसमज यापुढं लहानच, तरी सांगतो. "जन्मतः शरीरात खोट असते" हे काहींच्या बाबतीत, ते वेगळं, त्यांना इंटरसेक्स म्हणतात. ट्रान्सजेंडर म्हणजे जन्मावेळी दायीनं जे सांगितलं अन् स्वतःला आतून जे वाटतं ते जुळत नाही. ऑपरेशन केलंच पाहिजे असंही नाही. प्रत्येक ट्रान्स व्यक्ती डेऱ्यात, म्हणजे गुरूच्या घरी, राहत नाही, टाळी वाजवत नाही, अन् मुलगी म्हणून वाढवलेले ट्रान्स पुरुषही असतात, त्यांचं तर गावात लग्नच उरकून टाकतात म्हणून दिसत नाहीत. आपल्या विदर्भातल्या तमाशासारख्या खडी गंमतीत लुगडं नेसून नाचणारा नाच्या सकाळी धुऱ्यावर गवत कापत असतो, त्याला हिजडा म्हणून चिडवणारे पोट्टे दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी करतात. मानसिक आजार म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 ला मंजूर केलेल्या आजारांच्या नव्या यादीत हे मानसिक विकारांतून काढून टाकलं.

कागद बदलायला मात्र उशीर लागला. 2009 मध्ये मतदार यादीत "इतर" आलं. 2011 च्या जनगणनेत त्या रकान्यात देशात 4,87,803 अन् महाराष्ट्रात 40,891 जण मोजले, तेही ज्यांनी सांगितलं तेवढेच. 15 एप्रिल 2014 ला नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात सुप्रीम कोर्टानं स्वतःची ओळख स्वतः ठरवायचा हक्क मानला, त्यासाठी ऑपरेशनची अट घालणं बेकायदा म्हटलं. 2019 ला संसदेनं ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा केला. तरी 2020 च्या शेवटी जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला तृतीयपंथी अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा ग्रामपंचायतीचा अर्ज बाद केलाच होता, औरंगाबाद खंडपीठात जावं लागलं. कोर्टानं परवानगी दिली, त्या उभ्या राहिल्या अन् निवडूनही आल्या.

आमच्या बाजारातल्या त्या दोघींतल्या मोठीला मी चहाच्या टपरीवर विचारलं, ढाणकीच्या बाजारात काहून दिसत नाही तुम्ही. तिनं बशीतला चहा संपवला अन् म्हणाली, "तो आमचा नाय ना दादा, तिकडं दुसरे येते. गावं वाटून घेतेल हायेत, माह्या गुरूच्या गुरूपासून."