गावचं रेशन इंदुरात घेताना पोरं कुठे अडकतात

इंदुरात भंवरकुआं, खंडवा रोडकडच्या खोल्यांत जळगाव-धुळ्याची कितीतरी पोरं राहतात. महिनाअखेरीस दोन्ही वेळा पोह्यांवर भागवतात. घरचं रेशन कार्ड प्राधान्य कुटुंबाचं असेल तर माणशी ५ किलो मोफत धान्याचा हक्क असतो, आणि 'एक देश, एक रेशन कार्ड'मुळे तो इंदुरातही चालतो. अर्ज भरायचा नाही. कंट्रोलच्या दुकानात रेशन कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगा, मशीनवर अंगठा ठेवा, झालं.

तरी पोरं रिकामी पिशवी घेऊन परततात.

पहिली गफलत रंगाची. केशरी कार्डांत प्राधान्यही असतात आणि एनपीएच, म्हणजे बिगर-प्राधान्यही. एनपीएचवाल्यांना हे मोफत धान्य नाही, म्हणून रंग नको, शिक्का बघा. नंबरही पुस्तिकेवरचा जुना नाही, ऑनलाइनचा १२ अंकी लागतो.

दुसरी, अंगठाच लागत नाही. आधार लहानपणी काढलेलं, आणि पंधराव्या वर्षानंतर ठसे नव्याने द्यायचे असतात हे घरात कुणाच्या गावीही नसतं. आधी आधार केंद्र गाठा. रेशनची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पडताळणी, राहिली असेल तर दिवाळीला गावी गेल्यावर तीही उरकून टाका, नाहीतर नाव कार्डावरूनच उडू शकतं.

तिसरी अडचण दुकानदाराची. तो समग्र आयडी नाहीतर पात्रता पर्ची मागतो. अहो, ती मध्य प्रदेशातल्या कुटुंबांची! महाराष्ट्राच्या कार्डवाल्याकडे ती येणार कुठून? शांतपणे 'दुसऱ्या राज्याचं कार्ड आहे' म्हणा. ऐकलंच नाही तर १४४४५ वर तक्रार करा.

पण सगळ्यात जास्त पोरं अडकतात ती घरच्यांमुळे. आई एका अंगठ्यावर सगळ्या घराचं धान्य उचलून मोकळी होते, आणि इथे मशीन शिल्लक शून्य दाखवतं. उलटंही होतं: इथल्या दुकानदाराने तुमच्या अंगठ्यावर अख्ख्या घराचा कोटा काढला, तर गावात आई हात हलवत परत येईल. म्हणून महिना लागताच घरी फोन करा, 'माझे ५ किलो सोडून बाकीचं उचला.' इथेही ५ किलोच मागा. महिनाअखेरीपर्यंत थांबू नका, पुढच्या महिन्यात मागचं मिळेल या भरवशावर तर मुळीच नाही.

आणि कुणी सांगितलं म्हणून गावच्या कार्डातून नाव कापून घेऊ नका. या सोयीसाठी त्याची काहीएक गरज नाही, आणि कापलेलं नाव परत चढवायला तहसीलच्या किती खेपा होतात ते एकदा मोठ्या भावाला विचारा.

खोलीवर शिजवायची सोयच नसेल तर दीनदयाल रसोईचं केंद्र शोधा. तिथे ५ रुपयांत जेवण मिळतं.