एका बाटलीतलं संघराज्य

पणजीहून सावंतवाडीला येणारी गाडी पत्रादेवी ओलांडते, बांदा मागे पडतं आणि इन्सुलीचा नाका जवळ आला की गाडीतल्या काही मंडळींची चुळबुळ सुरू होते. कुणी मांडीवरची पिशवी सीटखाली सरकवतो, कुणी वर्तमानपत्र जरा जास्तच मन लावून वाचायला घेतो. राज्य उत्पादन शुल्क खात्याचा माणूस वर चढतो, दोन-चार पिशव्या चाचपतो, खाली उतरतो. ज्याच्याकडे काही नसतं तोसुद्धा उगाच ताठ बसतो.

देश तोच, रस्ता तोच, चलन तेच. अर्ध्या तासापूर्वी दुकानातून रीतसर पावती घेऊन विकत घेतलेली दारूची बाटली एका अदृश्य रेषेपलीकडे आली की परवान्याशिवाय बाळगणं गुन्हा ठरतं. बरं, काश्मीरची सफरचंदं किंवा तिरुपूरचे बनियन या रेषेवर कुणी अडवत नाही. घटनेच्या कलम ३०१ ने देशभर व्यापाराला मोकळीक दिली आहे. मग हीच वस्तू का?

बाटली हातात घेऊन लेबल नीट वाचलं तर उत्तराची सुरुवात तिथेच सापडते. एका कोपऱ्यात अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असतो, तो संसदेच्या कायद्यामुळे. काजूची फेणी असेल तर तिला २००९ पासून भौगोलिक मानांकन आहे, तेही केंद्रीय कायद्याखाली. आणि शेजारीच छापलेलं असतं : फक्त गोवा राज्यात विक्रीसाठी. ही ओळ राज्याची. तळहाताएवढ्या कागदावर दोन सरकारं शेजारी शेजारी नांदतात आणि एकमेकांच्या कामात (सहसा) पडत नाहीत. संघराज्य म्हणजे काय हे समजावायला मला यापेक्षा सोपी वस्तू अजून सापडलेली नाही.

ही वाटणी घटनेच्या सातव्या अनुसूचीत आहे. संघ सूची, राज्य सूची, समवर्ती सूची हे शाळेत घोकलेलं असतं, म्हणून पुन्हा सांगत नाही. राज्य सूचीतली आठवी नोंद मात्र वाचण्यासारखी आहे. मादक मद्य, म्हणजे त्याचं उत्पादन, निर्मिती, बाळगणं, वाहतूक, खरेदी आणि विक्री. या नोंदीतल्या ‘वाहतूक’ आणि ‘बाळगणं’ या दोन शब्दांवर इन्सुलीचा नाका उभा आहे. शिवाय दारूचा धंदा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने एकदा नव्हे, अनेकदा सांगितलं आहे. सफरचंदाचा व्यापारी जे संरक्षण मागू शकतो, ते दारूच्या व्यापाऱ्याला मिळत नाही.

पण कागदावर आखलेली सीमा प्रत्यक्षात कुठून जाते, हे भांडण झाल्याशिवाय कळत नाही. शेताच्या बांधासारखंच. पहिलं मोठं भांडण आपल्या मुंबईतच झालं. १९४९ मध्ये मुंबई प्रांताने दारूबंदीचा कायदा केला. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर आणि गृहमंत्री मोरारजी देसाई, दोघेही या बाबतीत कडवे. एफ. एन. बलसारा नावाचे गृहस्थ न्यायालयात गेले. व्हिस्की, ब्रँडीबरोबरच ओडिकोलन आणि लव्हेंडर वॉटर बाळगण्याचा हक्क मला आहे, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूचा एक युक्तिवाद खास होता. परदेशी मालाची आयात हा केंद्राचा विषय. प्रांताने विलायती दारू बाळगायलाच बंदी केली, तर ती आयात बंद केल्यासारखीच झाली की! मग प्रांत केंद्राच्या हद्दीत घुसला नाही का?

१९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिलं, नाही. कायद्याचा गाभा पाहायचा. गाभा आपल्या हद्दीत असेल, तर त्याची फांदी शेजाऱ्याच्या परसात थोडी वाकली म्हणून झाड तोडायचं नसतं. कायदा बव्हंशी टिकला, मात्र औषधी आणि प्रसाधनाच्या अल्कोहोलवरची बंधनं रद्द झाली. बलसारांना ओडिकोलन मिळालं, व्हिस्की नाही.

याच कायद्याचं पुढे जे झालं ते एखाद्या प्रयोगशाळेत घडावं तसं आहे. १ मे १९६० ला मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले आणि एकच कायदा दोन घरांत गेला. गुजरातने बंदी कडक ठेवली. २०११ मध्ये कायद्याच्या नावातलं ‘मुंबई’ काढून ‘गुजरात’ घातलं, आणि डिसेंबर २०२३ मध्ये गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीपुरती खिडकी किलकिली केली. महाराष्ट्राने तोच कायदा ठेवून त्यातून परवान्यांची वाट काढली. म्हणून आजही आपल्याकडे कायद्याचं नाव दारूबंदीचं आहे आणि त्याच कायद्याखाली दारू पिण्याचा परवाना मिळतो, अगदी एका दिवसाचाही! नावात काय आहे म्हणतात, इथे नावाखेरीज बंदीचं फारसं काही उरलेलं नाही.

आणि गोवा? तो १९६१ पर्यंत भारतातच नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की नाही, यावर १६ जानेवारी १९६७ ला तिथे जनमत कौल झाला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मतं पडली, विरोधात १,७२,१९१. चौतीस हजारांच्या फरकाने पत्रादेवीची रेषा टिकली. ३० मे १९८७ ला गोवा राज्य झाला. ही तारीख दिल्लीच्या शिक्क्याने ठरली हेही लक्षात ठेवायला हवं. कलम ३ प्रमाणे राज्य जन्माला घालणं, तोडणं, जोडणं, त्याचं नाव बदलणं हे संसदेच्या साध्या बहुमताने होतं. संबंधित विधानसभेचं मत मागवतात, मानावंच लागतं असं नाही. अमेरिकेत टेक्सासचे दोन तुकडे टेक्सासच्या संमतीशिवाय करता येत नाहीत. आपल्याकडे येतात.

आकाराने लहान राज्याचं राजकारणही वेगळ्या अंकगणितावर चालतं. २००३ च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या १५ टक्क्यांवर आणली, पण लहान राज्यांना किमान १२ मंत्र्यांची मुभा दिली. महाराष्ट्रात २८८ आमदार, म्हणजे बहुमताला १४५ आणि मंत्री जास्तीत जास्त ४३. गोव्यात ४० आमदार, बहुमताला २१ आणि मंत्री १२. म्हणजे काठावरच्या बहुमतात गोव्याच्या सत्ताधारी बाकांवरचा निम्म्याहून जास्त माणूस मंत्री होऊ शकतो. उरलेल्या नऊ जणांच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना करा. जुलै २०१९ मध्ये तिथल्या काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले. दोन-तृतीयांश आमदार एकत्र दुसऱ्या पक्षात गेले तर आमदारकी जात नाही, ही पक्षांतरबंदी कायद्यातली पळवाट, अगदी एकही जास्तीचा माणूस न लागता.

आता पैशाकडे येऊ, कारण बाटलीचं खरं वजन तिथे आहे.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा राज्यांनी आपले बहुतेक अप्रत्यक्ष कर एका सामाईक हंड्यात ओतले. दर ठरवायला परिषद. तिथे केंद्राच्या मताचं वजन एक-तृतीयांश, सगळ्या राज्यांचं मिळून दोन-तृतीयांश आणि निर्णयाला तीन-चतुर्थांश हवेत. गणित करून पाहा. सगळी राज्यं एकवटली तरी ६६.७ टक्केच होतात, ७५ नाही. केंद्राशिवाय पान हलत नाही. केंद्र बाजूने असलं आणि राज्यांचे (विधानसभा असलेल्या केंद्रशासित प्रदेशांसह) सगळे ३१ सदस्य हजर असले, तरी निदान २० जण सोबत लागतात. गंमत म्हणजे इथे गोव्याचं मत आणि महाराष्ट्राचं मत सारख्याच वजनाचं. लोकसभेत २ विरुद्ध ४८ असलेली दोन राज्यं या एका टेबलावर समसमान असतात. परिषदेच्या शिफारशी बंधनकारक नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं खरं, पण व्यवहारात कुणी वेगळी चूल मांडलेली नाही.

या हंड्यात पिण्याची दारू पडली नाही. घटनादुरुस्ती करतानाच ती व्याख्येतून वगळली. पेट्रोल-डिझेलही तूर्त बाहेर आहे, पण ते परिषदेच्या एका निर्णयाने आत येऊ शकतं. दारूला पुन्हा घटना बदलावी लागेल. म्हणजे आज राज्याच्या अर्थमंत्र्याला कुणाला न विचारता ज्याचे दर वरखाली करता येतील अशा मोठ्या गोष्टी बोटांवर मोजण्याएवढ्या आहेत : घराचं मुद्रांक शुल्क, वाहनकर, इंधनावरचा व्हॅट आणि बाटली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्राने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपटीवर नेलं, ते यामुळेच. महिन्याला दीड हजार रुपये बहिणींच्या खात्यात घालायचे तर पैसा अशाच खिशातून काढावा लागणार, जो खिसा आपलाच आहे.

दुसरा खिसा दिल्लीत असतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ साठी केंद्रीय करांच्या वाटपयोग्य रकमेतला ४१ टक्के वाटा राज्यांना दिला. त्यात महाराष्ट्राच्या वाट्याला ६.३१७ टक्के, उत्तर प्रदेशच्या १७.९३९, गोव्याच्या ०.३८६. ‘वाटपयोग्य’ हा शब्द इथे फार काम करतो. केंद्राचे उपकर आणि अधिभार या रकमेत धरतच नाहीत. त्यामुळे केंद्राने कराऐवजी उपकर वाढवला, की राज्यांच्या ताटात काही येत नाही.

राज्यांची तिजोरी बाटलीवर किती टेकलेली आहे, हे मे २०२० मध्ये उघडं पडलं. टाळेबंदी केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली होती. आरोग्य राज्यांचा विषय, दारूही राज्यांचा, तरी दुकानं बंद. राज्यांची तिजोरी महिन्याभरात कोरडी पडू लागली. ४ मे ला मुभा मिळाली, देशभर दुकानांसमोर मैलभर रांगा लागल्या आणि दिल्ली सरकारने (केंद्राने नव्हे) दुसऱ्याच दिवसापासून बाटलीच्या किमतीवर ७० टक्के ‘विशेष कोरोना शुल्क’ लावलं. घटनेचं कलम ४७ राज्याला सांगतं, दारूबंदीचा प्रयत्न करा. तिजोरी सांगते, नका करू. मला वाटतं, राज्यांच्या स्वायत्ततेबद्दलची बरीच भाषणं ऐकण्यापेक्षा ही एक विसंगती नीट पाहिली तर जास्त कळतं.

सीमेचं भांडण संपलेलं मात्र नाही. आपल्या साखर कारखान्यांत मळीपासून जे अल्कोहोल निघतं त्यातलं बरंचसं पिण्याचं नसतं, रसायनं आणि इंधनासाठी असतं. ते कुणाचं? उद्योग म्हणून केंद्राचं की मद्य म्हणून राज्याचं? १९९० मध्ये सात न्यायाधीशांनी केंद्राच्या बाजूने कौल दिला होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये नऊ न्यायाधीशांच्या पीठाने तो ८ विरुद्ध १ मतांनी फिरवला. आठव्या नोंदीतल्या ‘मादक मद्य’ या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येतं, असं बहुमताने म्हटलं. एका विशेषणाच्या अर्थाने टँकरच्या टँकर एका सरकारकडून दुसऱ्याकडे गेले.

आणि राज्याच्या खाली काय? गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. शेजारच्या चंद्रपूरला ती २०१५ मध्ये एका सरकारने आणली, २०२१ मध्ये दुसऱ्याने उठवली. गावांना मात्र राज्याने स्वतःच्या अधिकाराचा एक तुकडा काढून दिला आहे. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या बायकांनी मागणी केली की दुकान बंद करण्यासाठी मतदान होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात, एक उभी बाटली आणि एक आडवी. दुकान बंद व्हायचं तर आडव्या बाटलीला, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. ऊसतोडीला गेलेली, मुंबईत धुणीभांडी करणारी, लग्न होऊन गेली तरी यादीत राहिलेली, अशी प्रत्येक गैरहजर बाई त्या दिवशी उभ्या बाटलीच्या बाजूला मोजली जाते.