उचल (ऊसतोडणी)

उचल म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी मजुराने घेतलेली आणि पुढे अंगमेहनतीने फेडायची रक्कम. वीटभट्टीपासून शेतातल्या सालगड्यापर्यंत ही रीत अनेक ठिकाणी आढळते. तथापि महाराष्ट्रात हा शब्द मुख्यतः ऊसतोडणीशी जोडला गेला आहे. ‘वेठबिगार’ या जोडशब्दातील ‘वेठ’ संस्कृत ‘विष्टि’वरून आणि ‘बिगार’ फारसीतून आला असून दोहोंचा रोख बिनमोबदल्याच्या सक्तीच्या श्रमाकडे आहे. उचलीत मोबदला मिळतो, किंबहुना तो आधीच मिळतो, आणि म्हणूनच तिच्यातील सक्ती चटकन नजरेत भरत नाही.

बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी आणि अहिल्यानगरमधील पाथर्डी, शेवगाव हे अवर्षणप्रवण तालुके तोडणी मजुरांचे प्रमुख उगमस्थान आहेत. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. त्यांची टोळी मुकादम जमवतो. कारखाना किंवा वाहतूकदार मुकादमाला रक्कम देतो, मुकादम ती पावसाळ्यातच मजुरांना वाटतो आणि तोडणीच्या बिलावर कमिशन घेतो. लग्न, दवाखाना, घराची डागडुजी किंवा मागची बाकी यांत ती रक्कम खर्चून मजूर फडावर पोहोचतो तेव्हा हात बहुधा रिकामेच असतात.

हिशेबाचे एकक ‘कोयता’ हे आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. उचल कोयत्यावर ठरते आणि सहसा पुरुषाच्या हाती पडते, त्यामुळे निम्मे श्रम करणाऱ्या बाईच्या मजुरीचा वेगळा आकडा कुठेच उमटत नाही. तोडणीचा दर टनावर असतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यात ३४ टक्के वाढ मान्य झाली आणि तो सुमारे ३६६ रुपये झाला. या दराने एक लाखाची उचल फेडायला साधारण २७३ टन ऊस तोडावा लागतो. जोडप्याने रोज दोन टन तोडला, तरी ते सुमारे १३७ दिवसांचे काम होते. कारखान्यांची गाळपक्षमता वाढल्यामुळे अलीकडे काही हंगाम त्याहून लवकर आटोपले. शिवाय आजारपणाचा खाडा (गैरहजेरीबद्दलचा दंड) कापला जातो, किराण्याची उसनवारी चढते आणि वजन, दर, कपात यांची वही मुकादमाकडे असते. उरलेली बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली, की मजूर कुठे व कोणासाठी राबणार हेही आपोआप ठरून जाते. उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला) विकून येणारे थोडेसे पैसे हीच पुष्कळदा हातातली रोकड असते.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २३ ने वेठ आणि सक्तीचे श्रम निषिद्ध ठरवले आहेत. वेठबिगार पद्धती निर्मूलन अधिनियम, १९७६ अन्वये अशी कर्जे रद्द होतात, आणि कर्ज वेठबिगारीचे नाही हे सिद्ध करण्याचा भार धनकोवर असतो. या कायद्याच्या व्याख्येत केवळ फुकट राबणेच नव्हे, तर आगाऊ रकमेपोटी दुसरीकडे काम करण्याचे किंवा मुक्तपणे फिरण्याचे स्वातंत्र्य गमावणे हेही येते. दिल्लीतील एशियाड (आशियाई क्रीडास्पर्धा) बांधकाम मजुरांच्या खटल्यात १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आर्थिक लाचारीतून स्वीकारलेले, किमान वेतनाहून कमी मजुरीचे काम सक्तीचे श्रम ठरवले. ही कसोटी लावली, तर काम सोडून गावी निघालेल्या जोडप्याला बाकीपोटी अडवणे वा डांबून ठेवणे या प्रकाराला दुसरे नाव देता येत नाही. प्रत्यक्षात मात्र अशा घटना बऱ्याचदा ‘पैशांचा व्यवहार’ म्हणून मिटवल्या जातात. उलट बाजूही नोंदवली पाहिजे: उचल घेऊन टोळी न आल्याने बुडालेले मुकादम आणि वाहतूकदार आहेत, आणि मजुरांविरुद्ध फसवणुकीच्या तक्रारीही होतात. पण दोन्ही तंटे उद्भवतात ते कारखाना आणि तोडणारा यांच्यात थेट नोकरीचे नाते कागदावर नसल्यामुळे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठीचा १९७९ चा कायदा राज्यांतर्गत स्थलांतराला लागूच नव्हता, म्हणून बीडहून कोल्हापूरला गेलेला मजूर त्याच्या कक्षेबाहेर राहिला.

२०१९ मध्ये बीडमधील तोडणी कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रकरण गाजले आणि राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीच्या त्रासाने दिवस बुडाला तर खाडा पडतो, कोप्यांजवळ (मजुरांच्या तात्पुरत्या झोपड्यांजवळ) स्वच्छतागृह नसते आणि उचल तर फेडायची असते. या शस्त्रक्रियांमागे वैद्यकीय कारणांइतकाच हा हिशेबही होता. पुढे गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ कार्यान्वित झाले. त्याच्या निधीसाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे रक्कम घेण्याची तरतूद आहे, आणि मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून संत भगवानबाबा यांच्या नावाची वसतिगृहे सुरू करण्यात आली. उचलीचा व्यवहार मात्र अजूनही मुकादम आणि मजूर यांच्यातच, बव्हंशी तोंडी किंवा कोऱ्या मुद्रांकावरील सहीने होतो.