रोलच्या डब्यापासून पोर्टेबल ड्राइव्हपर्यंत : छायाचित्रांच्या बॅकअपची पार्श्वभूमी

छायाचित्रांच्या बॅकअपसाठी पोर्टेबल ड्राइव्ह घेताना आज जे प्रश्न हमखास विचारले जातात (फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क घ्यावी की फिरता भाग नसलेली, चिपवर माहिती ठेवणारी एसएसडी, हमी किती वर्षांची असावी, एक पुरेल की दोन), त्यांतला जवळजवळ प्रत्येक प्रश्न कुठल्या ना कुठल्या जुन्या फजितीतून जन्माला आलेला आहे. गेल्या तीसेक वर्षांत छायाचित्रे ठेवण्याचे प्रत्येक नवे साधन आधीच्यापेक्षा भरवशाचे म्हणून बाजारात आले आणि प्रत्येकाने आपापल्या निराळ्या रीतीने दगा दिला. कोणते साधन कसे दगा देते हे ठाऊक असेल, तर वेष्टनावरचे दावे वाचणे बरेच सोपे जाते.

रोलच्या जमान्यात बॅकअप हा शब्द छायाचित्रकाराच्या बोलण्यात नव्हता. निगेटिव्ह हीच मूळ प्रत, आणि ती खराब होई तीही हळूहळू : रंग फिके पडत, बुरशी धरे, अ‍ॅसिटेटच्या फिल्मला व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागे. माणसाला नाकाडोळ्यांनी सूचना मिळत असे आणि फिकट का होईना, चित्र हाती लागत असे. डिजिटल फाइल अशी म्हातारी होत नाही. ती परवापर्यंत उघडत असते आणि आज उघडत नाही; किंवा उघडते तेव्हा चित्राचा वरचा अर्धा भाग लख्ख आणि खालचा अर्धा एकसारखा करडा दिसतो.

साठवणुकीचा प्रश्न डिजिटल कॅमेऱ्याला जन्मापासूनच चिकटलेला आहे. कोडॅकमधील अभियंते स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ साली जो पहिला नमुना तयार केला, त्याचे चित्र अवघे ०.०१ मेगापिक्सेलचे होते आणि ते साध्या कॅसेटच्या टेपवर उतरायला २३ सेकंद लागत. हार्ड डिस्कचा जन्म त्याही आधीचा. आयबीएमने १९५६ साली आणलेल्या रॅमॅक यंत्रणेच्या डिस्कमध्ये दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या, वजन टनाच्या घरात होते आणि एवढ्या पसाऱ्यात ५० लाख अक्षरे मावत. आजच्या कॅमेऱ्याची एक रॉ फाइलही (प्रक्रिया न केलेले मूळ चित्र) त्यात बसली नसती. पुढे १९८० मध्ये सीगेटने ५.२५ इंची, ५ मेगाबाइटची डिस्क आणली आणि १९८८ मध्ये प्रेअरीटेक कंपनीची २.५ इंची डिस्क आली. आजही बहुतेक पोर्टेबल हार्ड डिस्कच्या आत याच मापाची तबकडी फिरत असते.

तबकड्या लहान होत असताना त्यांच्यावर मावणारी माहिती मात्र प्रचंड वाढली. याचे मोठे श्रेय आल्बेर फेर आणि पेटर ग्र्युनबेर्ग यांनी १९८८ मध्ये स्वतंत्रपणे लावलेल्या एका चुंबकीय शोधाला जाते. त्या तत्त्वावरचे हेड, म्हणजे तबकडीवरची माहिती वाचणारे टोक, १९९७ मध्ये आयबीएमच्या डिस्कमध्ये आले आणि २००७ साली दोघांना भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. तबकडीवरचे बारीक चुंबकीय ठिपके वाचायचे तर हेड तबकडीच्या अगदी जवळ न्यावे लागते. आजच्या डिस्कमध्ये हे अंतर काही नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या कित्येक हजाराव्या भागाएवढे असते. मधल्या हवेच्या थरावर हेड तरंगत असताना बसलेला धक्का म्हणूनच महागात पडतो. डिस्क बंद असते तेव्हा हेड तबकडीबाहेरच्या उतारावर जाऊन बसते आणि ती बराच मोठा धक्का सोसते. एकंदरीत, बॅगेत आदळलेल्या डिस्कपेक्षा कॉपी चालू असताना वायर पायात अडकून टेबलावरून ओढली गेलेली डिस्क अधिक धोक्यात असते.

मधल्या काळातल्या साधनांची हकीकत जरा विस्ताराने सांगण्यासारखी आहे. सोनीने १९९७ मध्ये थेट फ्लॉपीवर चित्रे उतरवणारा मॅव्हिका कॅमेरा आणला. १.४४ मेगाबाइटच्या एका फ्लॉपीवर किती चित्रे मावणार, हे ज्यांनी तो वापरला त्यांना सांगायला नको. आयोमेगा कंपनीची १०० मेगाबाइटची झिप डिस्क त्या मानाने चैनीची वाटली, आणि तिचाच किस्सा सर्वांत बोधप्रद आहे. झिप ड्राइव्हमधून टकटक असा आवाज येऊ लागला की डिस्क वाचणे बंद होई. लोक स्वाभाविकपणे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहत, आणि कडेला इजा झालेली डिस्क त्या धडधाकट ड्राइव्हचे हेडही बिघडवू शकत असे. रोग जणू हस्तांदोलनाने पसरत होता. १९९८ मध्ये अमेरिकेत या प्रकरणी ग्राहकांनी सामूहिक दावा दाखल केला. संशयित ड्राइव्हशी खेळत बसू नये, हा नियम तेव्हापासूनचा.

सीडीचे नुकसान मात्र गाजावाजा न करता झाले. घरी लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती एका सेंद्रिय रंगाच्या थरात जाळून उमटवली जाते, त्यामागे चकाकणारा धातूचा थर असतो आणि त्यावर, लेबलच्या बाजूने, निव्वळ लाखेसारखा पातळ लेप असतो. आम्ही सारे चकचकीत खालची बाजू जिवापाड जपत होतो आणि नाजूक वरच्या बाजूवर बॉलपेनने ‘सहल, दुसरा दिवस’ असे खुशाल दाबून लिहीत होतो! दहाएक वर्षांनी अशी एक सीडी मी दिव्यासमोर धरली, तेव्हा लिहिलेल्या अक्षरांतूनच सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. कोडॅकच्या १९९२ मधील फोटो सीडीची गत आणखी वेगळी झाली. तबकडी शाबूत राहिली, परंतु तिच्यावरचे कोडॅकचे खासगी फाइल-स्वरूप उघडणारी सॉफ्टवेअर हळूहळू दिसेनाशी झाली.

पोर्टेबल हार्ड डिस्क घरोघरी पोचली ती यूएसबीमुळे. २००० साली आलेल्या यूएसबी २.० ने सेकंदाला ४८० मेगाबिटचा वेग दिला, परंतु एका पोर्टमधून हक्काने ५०० मिलिअँपिअरच वीज मिळत असे आणि तबकडी सुरुवातीला फिरवायला ती कधी कधी अपुरी पडे. दोन तोंडांची ती विचित्र वायर अनेकांच्या खणात अजून असेल. दुसरे तोंड केवळ जादा विजेसाठी असे. २००८ च्या यूएसबी ३.० ने ही मर्यादा ९०० मिलिअँपिअरवर नेली आणि ही अडचण बहुतांशी मिटली. तिच्या जागी दुसरी आली. काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचे पोर्ट थेट डिस्कच्याच सर्किट बोर्डवर सोल्डर केलेले असते, त्यामुळे पोर्ट सैल झाले की आतली डिस्क काढून संगणकाला जोडण्याची जुनी युक्ती चालत नाही. खरेदीच्या वेळी हे कोणीही सांगत नाही.

कोणती डिस्क किती टिकते याची उघड आकडेवारी फार उशिरा आली. गूगलच्या संशोधकांनी २००७ मध्ये एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या डिस्क निकामी झाल्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक डिस्कनी त्यांच्या स्वयंतपासणीतल्या बिघाडाच्या चार प्रमुख खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. ‘हेल्थ चांगली दाखवतेय’ यावर विसंबणे किती फोल आहे ते तेव्हा कळले. २०१३ पासून बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअपची कंपनी डिस्क निकामी होण्याचे मॉडेलनिहाय आकडे देते, आणि अनेक जण त्यांवरून पोर्टेबल डिस्क निवडतात; पण ते आकडे मुख्यतः डेटा सेंटरमध्ये स्थिर बसलेल्या ३.५ इंची डिस्कचे आहेत, रोज बॅगेतून फिरणाऱ्या २.५ इंचीचे नाहीत. कंपन्यांची निवडही आता आखडली आहे. विलीनीकरणांनंतर, साधारण २०१२ पासून, हार्ड डिस्क बनवणारे सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा असे तीनच उरले. त्याच सुमारास पहिल्या दोघांनी आपल्या काही डिस्कची हमी कमी केली. हमीत नवी डिस्क मिळते, छायाचित्रे मिळत नाहीत, हेही लक्षात ठेवलेले बरे.

एसएसडी आणि पेन ड्राइव्ह यांचे मूळ तोशिबाचे फुजिओ मासुओका यांच्या फ्लॅश मेमरीत आहे; तिचा नँड हा प्रकार, जो या साधनांत वापरतात, १९८७ चा. २००० च्या सुमारास आलेला पेन ड्राइव्ह ८ मेगाबाइटचा होता, तर आजची खिशातली एसएसडी काही टेराबाइटची असते. हिच्यात फिरणारे काही नाही, त्यामुळे पडण्याची भीती बरीचशी जाते. मात्र माहिती असते ती इन्सुलेशनमध्ये कोंडलेल्या इलेक्ट्रॉनच्या रूपात, आणि स्वस्ताईसाठी मेमरीच्या एकेका सूक्ष्म घरात ३ किंवा ४ बिट भरले जातात. ४ बिट म्हणजे प्रभाराच्या १६ पातळ्या एकमेकींपासून वेगळ्या ओळखणे. प्रभार थोडा जरी गळला तरी पातळी चुकू शकते. जेडेक या मानक संस्थेच्या मानकाप्रमाणे, सामान्य वापराच्या एसएसडीने तिची लेखनक्षमता पूर्ण वापरून झाल्यावर विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष माहिती धरून ठेवायची असते. नव्या, कमी वापरलेल्या एसएसडीत ती यापेक्षा बरीच अधिक टिकते, पण वर्षानुवर्षे कपाटात ठेवून देण्यासाठी हे साधन मुळात घडवलेलेच नाही.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक दुसऱ्या ठिकाणी, हा आज सर्वत्र सांगितला जाणारा ‘३-२-१’ नियम या शतकाच्या पहिल्या दशकात अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केला. त्यातल्या मधल्या आकड्याकडे लोक सर्वाधिक दुर्लक्ष करतात. एकाच दिवशी घेतलेल्या, एकाच मॉडेलच्या दोन डिस्क अनेकदा एकाच बॅचच्या असतात आणि त्या बॅचमध्ये दोष असला तर तो दोन्हींत असतो. त्यामुळे एक फिरत्या तबकडीची डिस्क आणि एक वेगळ्या कंपनीची एसएसडी अशी जोडी मला अधिक पटते; आणि वर्षातून एकदा दोन्ही संगणकाला जोडून सगळ्या फाइली अखेरपर्यंत वाचून, शक्य तर चेकसम (फाइलच्या मजकुरावरून काढलेली पडताळणीची संख्या) जुळवून पाहाव्यात, कारण फोल्डरमधल्या छोट्या चित्रांची यादी नीट दिसणे म्हणजे मूळ फाइल शाबूत असणे नव्हे.