किडीचं तोंड, किडीचे पाय

पानावर भोकं दिसली की पहिला प्रश्न येतो, "काय फवारू?" माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असायला हवा, "खातंय कोण?" आणि त्याचं अर्धं उत्तर कीड सापडण्याआधीच पान देऊन टाकतं.

कडा कुरतडलेल्या, नुसत्या शिरा उरलेल्या, खालच्या पानांवर विष्ठेच्या बारीक गोळ्या पडलेल्या असतील, तर हे जबड्याने चावून खाणाऱ्यांचं काम. म्हणजे अळ्या, भुंगेरे, नाकतोडे. पान शाबूत असूनही मुरडलंय, पिवळं पडलंय, तर रस शोषणाऱ्यांचा संशय घ्यावा. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले कीड ही दिसायला एकमेकांशी काही संबंध नसलेली मंडळी एकाच गणातली, म्हणजे वर्गीकरणातल्या एकाच मोठ्या गटातली आहेत, हेमिप्टेरा. सगळ्यांना सुईसारखी सोंड. झाडाच्या अन्नरसात साखर भरपूर आणि नत्र फार कमी, त्यामुळे माव्यासारख्या किडीला पोषणापुरतं नत्र मिळवायला ढीगभर रस प्यावा लागतो. जास्तीची साखर मागून बाहेर पडते. तोच पानांवरचा चिकटा. त्यावर मुंग्या येतात, काळी बुरशी वाढते, आणि बिचारी बुरशीच रोग समजली जाते!

फुलकिडे मात्र या दोन्ही गटांत बसत नाहीत. त्यांच्या तोंडात फक्त डावा जबडा वाढलेला असतो, उजवा जवळजवळ नसतोच. डाव्या जबड्याने पेशीला भोक पाडायचं आणि आतला रस ओढायचा. रिकाम्या पेशींत हवा भरते आणि पानावर चंदेरी चट्टे उमटतात. फूल पांढऱ्या कागदावर झटकलं की एक-दोन मिलिमीटरच्या बारीक काड्या पळताना दिसतात. भिंगाखाली पाहिलं तर पंखांच्या कडांना केसांची झालर.

साधारण असेच फिकट ठिपके लाल कोळीही पाडतो. पण तो कीटकच नव्हे, त्याला आठ पाय. (अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिल्लाला सहाच असतात, तेव्हा मोजायचे ते मोठ्याचे.) हा फरक निव्वळ पुस्तकी नाही. काही कीटकनाशकांनी कोळी मरत नाही, त्याला खाणारे मित्रजीव मात्र मरतात, आणि फवारणीनंतर कोळी आणखी वाढतो.

अळीच्या बाबतीत पाय मोजण्याला पर्याय नाही. तिला उलटी करून बघावं. छातीला तीन जोड्या खऱ्या पायांच्या, त्यामागे पोटाला मऊ, मांसल पाय. पतंगांच्या आणि फुलपाखरांच्या अळ्यांना असे पोटपाय जास्तीत जास्त पाच जोड्या आणि त्यांच्या टोकांना बारीक आकड्या असतात. सहा किंवा अधिक जोड्या असतील आणि आकड्या नसतील, तर ती सॉफ्लायची अळी, म्हणजे गांधीलमाशीच्या गणातली. पतंगांच्या अळ्यांसाठी वापरतात ते बीटी जिवाणूचं औषध तिच्यावर चालत नाही. इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली, पोटपाय अजिबात नसलेली हुमणी ही भुंगेऱ्याची अळी. आणि पायच नाहीत, वेगळं डोकंही दिसत नाही, तर बहुधा माशीची.

इथवर साधं भिंग पुरतं. गण कळतो, कधी कधी जातही. अमेरिकन लष्करी अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय अक्षराची उलटी खूण असते आणि शेपटाकडच्या एका वलयावर चौकोनात मांडलेले चार ठिपके. पण अनेक पतंग आणि भुंगेरे बाहेरून अगदी सारखे असतात. तिथे नराची जननेंद्रियं काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. पांढऱ्या माशीचं तर त्याहून अवघड. १८८९ मध्ये ग्रीसमध्ये तंबाखूवर सापडलेली बेमिसिया टबासी आता एक जात मानली जात नाही. तो दिसायला सारख्या, पण डीएनएत वेगळ्या असलेल्या अनेक जातींचा समूह आहे. त्यातल्या काही जाती कीटकनाशकांना दाद देत नाहीत.

नाव चुकलं तर काय होतं, हे आफ्रिकेतल्या कसावाच्या (ज्याच्या कंदापासून साबुदाणा बनतो त्या) पिकाने दाखवून दिलं. १९७०च्या दशकात तिथे एक नवाच पिठ्या ढेकूण पसरला. १९७७ मध्ये त्याला फेनाकॉकस मॅनिहोटी हे नाव मिळालं. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तेव्हा किडीचे नैसर्गिक शत्रूही तिकडेच असणार, म्हणून शोध सुरू झाला. खंडाच्या उत्तर भागात तसाच दिसणारा ढेकूण सापडला, पण त्याच्यावरच्या परजीवींनी आफ्रिकेतल्या ढेकणाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. नीट तपासल्यावर ती वेगळीच जात निघाली, फेनाकॉकस हेरेनी. खरा ढेकूण १९८१ मध्ये थेट पॅराग्वेत मिळाला. त्याच्या अंगात अंडी घालणारी एक चिमुकली गांधीलमाशी त्याच वर्षी नायजेरियात सोडण्यात आली, आणि पुढे आफ्रिकेतल्या इतर अनेक देशांत. या कामासाठी ते चालवणारे कीटकशास्त्रज्ञ हान्स हेरेन यांना १९९५ चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं.