पांढरं बॅकग्राउंड आणि रिकामं बॅकग्राउंड: फाइल पाठवण्यापूर्वी एवढं वाचा

ग्राहक म्हणतात, “लोगो बॅकग्राउंड काढूनच पाठवलाय.” आम्ही फाइल उघडून रंगीत पानावर ठेवतो, तर लोगोभोवती पांढरा चौकोन जसाच्या तसा! हा प्रसंग आमच्याकडे इतक्या वेळा घडतो की शेवटी हे माहितीपत्रक लिहायला घेतलं. यात ग्राहकांचा दोष नाही. पांढऱ्या स्क्रीनवर पांढरं बॅकग्राउंड आणि रिकामं बॅकग्राउंड डोळ्यांना सारखंच दिसतं. तुम्ही फोटोशॉप वापरा, गिम्प वापरा, नाहीतर मोबाइलवरचं एखादं ॲप; आतलं गणित सगळीकडे एकच आहे आणि ते समजायला सोपं आहे.

चौथा आकडा

फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलमागे, म्हणजे सर्वांत लहान ठिपक्यामागे, तीन आकडे असतात: लाल किती, हिरवा किती, निळा किती. पारदर्शकता हवी असेल तर चौथा आकडा लागतो. त्याला अल्फा म्हणतात. नेहमीच्या ८ बिटच्या फाइलीत तो ० ते २५५ असतो. ० असेल तर तो पिक्सेल दिसतच नाही, २५५ असेल तर ठोस दिसतो, आणि १२८ च्या आसपास असेल तर निम्मा रंग वरचा, निम्मा खालचा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत ॲल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी ही कल्पना आणली. १९८४ मध्ये थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी एका चित्रावर दुसरं चित्र ठेवण्याचे नियम मांडले. आज मोबाइलवर तुम्ही फोटोवर स्टिकर लावता तेव्हा हेच गणित चालतं.

म्हणजे पांढरा हा रंग आहे. तिन्ही आकडे २५५. रिकामं म्हणजे अल्फा शून्य, मग रंग कुठलाही असो. पांढरा भाग काढायचा तर कोणालातरी त्या चौथ्या आकड्याला हात लावावाच लागतो.

चौकड्या खऱ्या की छापलेल्या?

रिकामी जागा दाखवायची कशी, हा सॉफ्टवेअरपुढचा प्रश्न. त्यासाठी बहुतेक सगळे राखाडी-पांढऱ्या चौकड्या दाखवतात. त्या फक्त पाहण्यापुरत्या असतात, फाइलीत उतरत नाहीत. गंमत अशी की, इंटरनेटवरून उतरवलेल्या कित्येक ‘पारदर्शक’ चित्रांत त्या चौकड्या चित्राचाच भाग असतात! कोणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो, तो फिरत फिरत आमच्यापर्यंत येतो.

ओळखायचं कसं? चित्राखाली नवा लेअर, म्हणजे वेगळा थर, घ्या आणि त्यात भडक गुलाबी रंग ओता. चौकड्यांच्या जागी गुलाबी दिसला तर चित्र खरोखर पारदर्शक. चौकड्या तशाच राहिल्या तर त्या छापलेल्या आहेत. दुसरी खूण: झूम वाढवला की छापलेल्या चौकड्या चित्राबरोबर मोठ्या होतात, फोटोशॉप किंवा गिम्पच्या खऱ्या चौकड्या तेवढ्याच राहतात.

फाइलीचा प्रकार

जेपीजीत चौथ्या आकड्याला जागाच नाही. पारदर्शक चित्र जेपीजी करून साठवलं की रिकाम्या जागी सॉफ्टवेअर स्वतःच रंग भरतं, कुठे पांढरा, कुठे काळा. जीआयएफमध्ये पारदर्शकता १९८९ मध्ये आली, पण ती ‘आहे किंवा नाही’ एवढीच. मधली पायरी नसल्यामुळे कडा करवतीसारख्या दातेरी दिसतात. पीएनजी १९९६ मध्ये आलं आणि त्यात पूर्ण अल्फा मिळाला. वेबपीतही तो आहे. लोगो मुळात एसव्हीजीत (पिक्सेलऐवजी रेषा-आकारांनी बनलेल्या फाइलीत) असेल तर तीच फाइल पाठवा, कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत.

जेपीजी फाइलीचं नाव बदलून शेवटी पीएनजी लिहिल्यानं काही होत नाही, हेही सांगून टाकतो. जेपीजी उघडून पीएनजी म्हणून साठवलं, तरीही पांढरं पांढरंच राहतं.

खोडण्यापेक्षा झाका

फोटोशॉपमध्ये फोटो उघडला की तो ‘बॅकग्राउंड’ नावाच्या कुलूपबंद लेअरवर येतो. त्यावर खोडरबर फिरवला तर रिकामी जागा मिळत नाही, बॅकग्राउंडचा निवडलेला रंग मिळतो. त्या लेअरवर डबल-क्लिक करून त्याला साधा लेअर करा. गिम्पमध्ये लेअर मेनूत ट्रान्स्परन्सीखाली ‘ॲड अल्फा चॅनल’ आहे. ते केल्याशिवाय डिलीट दाबून उपयोग नाही.

आणि कृपा करून खोडरबर टाळा. लेअर मास्क वापरा. मास्कवर काळा रंग लावला की तो भाग झाकला जातो, पांढरा लावला की परत दिसतो, राखाडी लावला की अर्धवट दिसतो. खाली मूळ फोटो शाबूत राहतो. चार दिवसांनी “कानाचं टोक जरा जास्त कापलं गेलंय” असं लक्षात आलं, तर मास्क असेल तिथे दोन मिनिटांचं काम. खोडलं असेल तर पुन्हा श्रीगणेशा.

कडेची पांढरी किनार

सर्वांत जास्त तक्रारी याच्याच. पांढऱ्या भिंतीपुढे उभ्या माणसाचा फोटो, काळे केस. बॅकग्राउंड काढून तो गडद निळ्यावर ठेवला की केसांभोवती पांढुरकी किनार दिसते. माणूस कागदातून कात्रीने कापून चिकटवल्यासारखा!

एकच पिक्सेल जवळून पाहू. तो नेमका केसाच्या कडेवर आहे. निम्म्या भागात केस, निम्म्या भागात भिंत. केस ०, भिंत २५५, म्हणून कॅमेऱ्याने त्याला मधला राखाडी दिला, साधारण १२८. बॅकग्राउंड काढणाऱ्या साधनाने त्याचा अल्फा बरोबर निम्मा केला, पण रंग मात्र राखाडीच ठेवला. आता निळ्यावर ठेवताना गणित होतं: निम्मा निळा अधिक निम्मा राखाडी. त्या राखाडीतून तिन्ही रंगांत सुमारे ६४ ची जादा भर पडते. केस काळा आहे, तर तिथे भर शून्य हवी होती. ती ६४ म्हणजे मागे राहिलेली भिंत. पांढऱ्या पानावर ती खपून जाते, म्हणून घरी तपासताना कोणाच्या लक्षात येत नाही.

तेव्हा उपाय अल्फावर नाही, रंगावर करायचा. फोटोशॉपमध्ये ‘सिलेक्ट अँड मास्क’मध्ये ‘डीकंटॅमिनेट कलर्स’ आहे. किंवा लेअरची प्रत काढा, तिच्यावरचा मास्क पक्का करा आणि लेअर मेनूतल्या मॅटिंगमधून ‘रिमूव्ह व्हाइट मॅट’ वापरा. भिंत काळी असेल तर ‘रिमूव्ह ब्लॅक मॅट’. बरेच जण कड एखाददुसरा पिक्सेल आत कापून मोकळे होतात. बाटली, डबा, बूट अशा ठोस वस्तूंना ते चालतं. केसांना नाही, डोक्यावर टोपी घातल्यासारखं दिसतं.

तपासायचं असेल तर एक पांढरा, एक काळा आणि एक भडक रंगाचा लेअर खाली ठेवून आलटून पालटून पाहा. आम्हीही तेच करतो. काळ्या अक्षरांचा लोगो असेल तर हे जास्तच महत्त्वाचं: मोबाइल डार्क मोडवर गेला की काळा लोगो रिकाम्या बॅकग्राउंडसकट गायब.

सावली आणि काच

वस्तूची सावली हवी असेल तर ती शुद्ध काळ्या रंगात, कमी अल्फाने घ्या. लेअरचा ‘मल्टिप्लाय’ मोड (वरच्या रंगाने खालचा रंग गडद करणारा) पीएनजीत जात नाही. पीएनजीला असे मोड माहीतच नाहीत. सुदैवाने शुद्ध काळ्याच्या बाबतीत मल्टिप्लाय आणि साध्या मोडचं उत्तर एकच येतं, म्हणून काम निभतं. मूळ फोटोतली राखाडी सावली तशीच उचलली तर ती रंगीत पानावर धुळीच्या डागासारखी दिसते.

काचेच्या वस्तू मात्र नुसत्या ‘बॅकग्राउंड काढा’ बटणावर सोडू नका. काचेतून मागचं दिसलं पाहिजे, चमक ठोस राहिली पाहिजे. असं काम हाताने करावं लागतं आणि त्याला वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवतो.

थोडं विषयांतर

ओळखपत्राच्या फोटोतला नंबर झाकायला पुष्कळ जण मोबाइलवरचा हायलायटरसारखा काळा पेन फिरवतात. तो अर्धपारदर्शक असतो. चित्राचा उजेड वाढवला की खालचे आकडे वाचता येतात. झाकायचं असेल तर ठोस काळी पट्टी टाका आणि फाइल जेपीजी करून पाठवा. लेअर असलेली फाइल पाठवू नका. पट्टी बाजूला सरकवता येते. अल्फा शून्य केलेल्या भागाबाबतही सावध राहा: पीएनजीत न दिसणाऱ्या पिक्सेलचे रंग कधी कधी आत शिल्लक असतात.

छपाईसाठी

कागदावरच्या नेहमीच्या चार रंगांत पांढरी शाई नसते. तिथे रिकामं आणि पांढरं दोन्ही कोऱ्या कागदासारखंच उमटतं. गडद कापड किंवा पारदर्शक फिल्म असेल तर खाली पांढरी शाई टाकावी लागते आणि ती कुठे टाकायची हे अल्फावरून ठरतं. फिकट सावल्या, मऊ कडा, विरत जाणारा धूर अशा अर्धपारदर्शक भागांखालीही पांढरा थर येतो आणि गडद कापडावर पांढरट कड उमटते. त्यामुळे कापडासाठी कडा स्पष्ट ठेवा. विरणारा परिणाम हवाच असेल तर तो ठिपक्यांत बदलून घ्यावा लागतो. छापखान्याने पीडीएफ एक्स-१ए (छपाईसाठीच्या पीडीएफचा एक ठरावीक प्रकार) मागितली असेल तर त्यात पारदर्शकता चालत नाही, सगळे लेअर आधी सपाट करावे लागतात. एक्स-४ मध्ये चालते. पीएनजीत छपाईचे चार रंग बसत नाहीत, तेव्हा तिथे टिफ किंवा पीएसडी (फोटोशॉपची स्वतःची फाइल) द्या.

पाठवताना

व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली पीएनजी वाटेत जेपीजी होते आणि पारदर्शकता जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, किंवा ईमेलला जोडा. स्क्रीनशॉट नको. शक्य असेल तर लेअर असलेली मूळ फाइल आणि कॅमेऱ्यातला न कापलेला फोटो, दोन्ही द्या. तुम्ही बॅकग्राउंड काढलेलं असलं तरी. बहुतेक वेळा बिघडलेली कड दुरुस्त करण्यापेक्षा मूळ फोटोवरून नवी काढणं आम्हाला लवकर होतं. आणि चित्र शेवटी कुठल्या रंगावर बसणार आहे ते एका ओळीत लिहा. कड त्यानुसारच साफ केली जाते.